पुलावरचा टोल काढला, तर परिणाम मोजायचा कसा?

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन: एक पूर्व द्रुतगती मार्गावरचा, दुसरा लालबहादूर शास्त्री मार्गावरचा. कारला एका फेरीचे ४५ रुपये लागत होते, ते शून्य झाले. ट्रकचे १५० मात्र चालूच राहिले. त्या वेळी सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार या नाक्यांवरून रोज सुमारे साडेतीन लाख वाहनं जात होती आणि त्यांतली दोन लाख ऐंशी हजार हलकी होती.

एवढ्या मोठ्या संख्येला लागू होणारा निर्णय म्हटल्यावर त्याच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे भरपूर भेटतात. 'कोंडी सुटली' असं एक म्हणतो, 'कुठली सुटली, पुढच्या सिग्नलला तेवढाच वेळ जातो' असं दुसरा. दोघेही खरं बोलत असू शकतात, कारण दोघं वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी उभे आहेत. टोलचा परिणाम मोजायचा तर आधी ठरवावं लागतं की तुलना कशाशी करायची.

'आधी' आणि 'नंतर' पुरेसं नाही

सोपी वाटणारी पद्धत म्हणजे टोल होता तेव्हाचा प्रवासाचा वेळ आणि गेल्यानंतरचा वेळ घेऊन वजाबाकी करायची. वाशीच्या खाडीपुलावर हे करून पाहिलं की पद्धतीतली खोट लगेच दिसते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि नवी मुंबईकडच्या काही गाड्या तिकडे गेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे टोल गेला त्याच महिन्यात, वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाची मुंबईतून बाहेर पडणारी बाजू खुली झाली. जून २०२५ मध्ये त्याची दुसरी बाजूही सुरू झाली. मधल्या काळात, १ एप्रिल २०२५ पासून, राज्यातल्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. आता वाशीला दहा मिनिटं वाचली असं कुणी दाखवलं, तर त्यातली टोलमाफीची किती, नव्या पुलाची किती आणि फास्टॅगची किती?

म्हणून अभ्यासक 'टोल काढला नसता तर आज काय असतं' याच्याशी तुलना करतात. ही स्थिती प्रत्यक्षात कुठेच नसते, तिचा अंदाज बांधावा लागतो. त्याचा एक मार्ग म्हणजे जिथे टोल गेला पण दुसरं काही बदललं नाही, असा नाका शेजारी धरायचा. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या नाक्याजवळ नवा खाडीपूल आला नाही, तेव्हा तिथला बदल वाशीच्या बदलातून वजा करून पाहता येतो. अडचण एवढीच की तो शहरातला सिग्नलचा रस्ता आहे आणि वाशी हा सरळ महामार्ग, त्यामुळे जोडी पूर्ण जुळत नाही.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो. त्याच पुलावरचे ट्रक तुलनेला घ्यायचे. नवा पूल कारला मिळाला तसा ट्रकलाही मिळाला, टोलमाफी मात्र फक्त कारला. दोघांची संख्या किती टक्क्यांनी वाढली ते पाहिलं, तर फरकातला बराच भाग टोलमाफीचा मानता येतो. ही युक्ती गाड्यांच्या संख्येला चालते, वेळेला चालत नाही, कारण कारची रांग हलली की मागचा ट्रकही हलतो. शिवाय मुंबईत अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते, ते तास मोजणीतून वगळावे लागतात.

ऋतूचंही भान हवं. ऑक्टोबरच्या मध्यात टोल गेला आणि त्या वर्षी दोन-अडीच आठवड्यांत दिवाळी आली. शाळा बंद, कचेऱ्या अर्ध्या. त्या दिवसांतला मोकळा रस्ता टोलमाफीच्या खात्यावर जमा करणं चूक. पावसाळ्यातले खड्डे आणि गणपतीत कोकणाकडे निघालेल्या गाड्या यांनीही आकडे बिघडतात. निदान मागच्या वर्षीचे तेच आठवडे घ्यावेत, सण वगळून, मंगळवार ते गुरुवार.

टोल गेला की मोजणीही जाते

टोलनाका ही वाहनं मोजण्याची फार चांगली जागा असते. प्रत्येक गाडीची नोंद होते: कोणत्या प्रकारची, कोणत्या लेनमधून, किती वाजता. कंत्राटदाराचं उत्पन्नच त्या नोंदीवर असल्याने ती ठेवलीही जाते. टोल माफ झाला की त्या वर्गाची पावती बंद, आणि पावतीबरोबर मोजणीही बंद. म्हणजे ज्या गाड्यांवरचा परिणाम पाहायचा, नेमक्या त्यांचीच नोंद निर्णयाच्या दिवसापासून थांबते.

म्हणून माफी लागू होण्याच्या किमान चार-सहा आठवडे आधी पुलावर स्वतंत्र मोजणी सुरू करावी लागते. कॅमेरे किंवा रस्त्यावर आडव्या टाकलेल्या रबरी नळ्या, आणि मधूनमधून ताळा घ्यायला हाताने केलेली गणना. नळ्या आसांवरून गाडी ओळखतात, त्यामुळे कोंडीत रखडत चाललेल्या रांगेत त्या चुकतात, दोन कारचा एक ट्रक करतात. गर्दीच्या पुलावर कॅमेराच बरा. आधीची मोजणी आणि टोलच्या पावत्या यांची एकदा तुलना करून ठेवली की दोन्ही यंत्रणांमधला फरक कळतो आणि नंतरचे आकडे जुन्या नोंदींना जोडता येतात. रात्रीत जाहीर झालेल्या माफीत हे सगळं राहून जातं. मग उरतो तो गूगलच्या नकाशावरचा लाल-हिरवा रंग. त्यावरून वेळ कळतो, गाड्या किती ते कळत नाही.

४५ रुपये आणि रांग, या दोन गोष्टी आहेत

पुलावरच्या टोलची किंमत दोन खिशांतून जाते. एक रुपयांत, दुसरी मिनिटांत. माफीच्या चर्चेत या दोन्हींची सरमिसळ होते, आणि बहुतेक गोंधळ तिथून सुरू होतो.

रांगेचा हिशेब आधी करू. रोख पैसे घेऊन सुटे परत द्यायला एका गाडीला १५ सेकंद लागतात असं धरलं, तर एका बूथमधून तासाला २४० गाड्या सुटतात. फास्टॅग नीट वाचला गेला आणि गाडीला साडेतीन-चार सेकंद लागले, तर हजाराच्या आसपास. बूथच नसलेल्या मोकळ्या लेनमधून तासाला साधारण १,८०० कार जातात. आता समजा दहा बूथ आहेत, रोख आणि फास्टॅग मिळून त्यांची क्षमता तासाला ५,००० गाड्यांची आहे, आणि सकाळी ९ ते १० मध्ये ५,५०० गाड्या येतात. जास्तीच्या गाड्या फक्त दहा टक्के. पण तास संपताना ५०० गाड्या उभ्या असतात, प्रत्येक बूथमागे पन्नास. एका गाडीला सात मीटर धरले तरी साडेतीनशे मीटरची रांग. ४,९०० गाड्या आल्या असत्या तर रांग जवळजवळ दिसलीच नसती. त्यामुळे रांग पैशांपेक्षा क्षमतेवर जास्त अवलंबून असते आणि क्षमतेच्या काठावर ती एकदम वाढते. एका लेनमध्ये शिल्लक संपलेला टॅग अडकला, ड्रायव्हर खाली उतरून वाद घालू लागला, की तेवढी एक लेन बंद पडूनही तोल जातो.

बूथ काढल्याने ही रांग जाते. पण फास्टॅगने सगळ्या बूथची क्षमता वाढवली तरी ती बरीचशी जाते, टोल न काढता. टोल काढून किती मिनिटं वाचली हे सांगताना ती मिनिटं फास्टॅग सक्तीनेच वाचली असती का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आणि बूथच्या पुढे काय आहे तेही पाहायला हवं. नाक्यावर दहा लेन पसरतात, पुढे त्या चार होतात. तिथून तासाला सात हजारांच्या आसपास गाड्या जाऊ शकतात, पण पुढचा चौक साडेचार हजारच सोडत असेल, तर नाका म्हणजे फक्त गाड्या अडवून हळूहळू सोडणारं दार होतं. ते काढलं की रांग पुढच्या चौकात जाऊन उभी राहते. वेळ मोजायचा तो म्हणून नाक्यापुरता नाही, संपूर्ण पट्ट्याचा: वाशी घ्यायची तर सानपाड्यापासून चेंबूरच्या छेडानगरपर्यंत.

अर्धवट माफीत आणखी एक गंमत होते. कारना टोल नाही, ट्रकना आहे, म्हणून बूथ आणि त्यांच्यामधले काँक्रीटचे कठडे जागच्या जागी राहतात. कार वेग कमी करते, ट्रक आपली लेन शोधत आडवा येतो. दहिसरचा नाका पुढे हलवण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये, म्हणजे कारचा टोल गेल्यानंतर, आला आणि वसई-विरारकडून त्याला विरोध झाला. हलक्या वाहनांचे पैसे बंद होऊनही तिथली कोंडी हा चर्चेचा विषय राहिला, यातून बरंच कळतं.

फायदा नेमका कुणाचा: एक छोटं गणित

हे आकडे काल्पनिक आहेत, फक्त पद्धत दाखवायला. एका पुलावरून रोज ४०,००० कार जातात. एका फेरीला पेट्रोल, वेळ आणि टोल मिळून ३०० रुपये पडतात, त्यांत टोल ४५. टोल गेला की फेरी १५ टक्क्यांनी स्वस्त होते. खर्च एक टक्का घटला की वाहतूक ०.४ टक्के वाढते असं धरू. म्हणजे गाड्या ६ टक्क्यांनी वाढून २,४०० जास्त येतात.

जुन्या ४०,००० कारवाल्यांचे रोज १८ लाख रुपये वाचले. हा आकडा भाषणात चांगला वाटतो. पण टोल घेणाऱ्याचे तेवढेच १८ लाख बुडाले. पैसे एका खिशातून दुसऱ्यात गेले, समाजाच्या एकूण हिशेबात शून्य. खरी भर आहे ती नव्या २,४०० फेऱ्यांची. त्यांतल्या कुणाला १ रुपया स्वस्त झाल्यावरच निघावंसं वाटलं असतं, कुणाला पूर्ण ४५ रुपये सुटल्यावर. म्हणून सरासरीने अर्धा फायदा धरतात: २,४०० गुणिले साडेबावीस, म्हणजे ५४,००० रुपये.

आता वाढलेल्या गाड्यांनी पुढच्या चौकात प्रत्येकाचा सरासरी एक मिनिट जास्त खाल्ला, असं धरू. ४२,४०० मिनिटं, म्हणजे साधारण ७०७ तास. गाडीतल्या माणसांच्या वेळेची किंमत तासाला १५० रुपये धरली, तर १ लाख ६ हजारांचं नुकसान. ५४,००० चा फायदा यात बुडून वर तोटा. पण नाक्यावर जुन्या गाड्यांची प्रत्येकी चार मिनिटं वाचत असतील, तर १ लाख ६० हजार मिनिटं, म्हणजे सुमारे ४ लाख रुपयांचा फायदा, आणि हिशेब पुन्हा नफ्यात येतो.

या गणितात ४५ रुपयांनी निकाल ठरत नाही, चार मिनिटांनी ठरतो. आणि ती चार मिनिटं टोल काढल्याशिवायही मिळत असतील, तर टोल काढण्याचा आर्थिक आधार बराच पातळ होतो. उरतो तो न्यायाचा प्रश्न: पैसे कुणी भरावेत. तो खरा आणि महत्त्वाचा प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर वाहतुकीच्या तक्त्यात मिळत नाही.

एकाच दिवशी दोन पूल

स्कॉटलंडमध्ये ११ फेब्रुवारी २००८ रोजी फोर्थ आणि टे या दोन्ही रस्तापुलांचा टोल एकदम रद्द झाला. फोर्थवर कारला एक पौंड होता, टेवर ८० पेन्स, आणि दोन्हीकडे तो एकाच दिशेला घेतला जाई.

टेवर तो डंडी शहरातून बाहेर पडताना लागे. त्यामुळे संध्याकाळी परतणाऱ्यांची रांग शहराच्या मध्यभागात मागे येई. टोल काढल्यावर तिथे सुटका होणं स्वाभाविक होतं. फोर्थवर टोल एडिंबराहून उत्तरेकडे जाताना होता. सकाळची मोठी गर्दी उलट दिशेला, एडिंबराकडे, आणि त्या दिशेला बूथ नव्हताच. मग टोल काढून सकाळची रांग कमी होणार कशी? फेरी स्वस्त झाल्याने त्या रांगेत गाड्यांची भरच पडू शकते. पुलाचं नाव आणि टोलचा दर यांपेक्षा बूथ कोणत्या दिशेला आहे आणि मागे किती जागा आहे, यावर निकाल ठरतो.

नव्या गाड्या येतात कुठून, हेही पाहावं लागतं. काही दुसऱ्या रस्त्यावरून वळतात. अटल सेतूवर कारला एका फेरीचे २५० रुपये. वाशी फुकट झाल्यावर दोन रस्त्यांमधला फरक ४५ रुपयांनी वाढला, तेव्हा वाशीची माफी मोजताना अटल सेतूवरची घटही मोजायला हवी. काही लोकल आणि बस सोडून कारमध्ये येतात. काही फेऱ्या पूर्वी होतच नव्हत्या, ठाण्याचा माणूस मुलुंडला जेवायला जातो तशा. हे सगळं काही आठवड्यांत दिसतं. घर बदलणं, नोकरी बदलणं याला वर्षं लागतात. इंग्लंड आणि वेल्समधल्या सेव्हर्न पुलांचा टोल १७ डिसेंबर २०१८ रोजी गेला. पण तो जाणार हे ठरल्यापासूनच वेल्सच्या बाजूच्या न्यूपोर्ट, चेपस्टो भागात घरांच्या किमती वर सरकल्या. ज्यांचं स्वतःचं घर होतं त्यांना टोलमाफी दोनदा मिळाली. भाडेकरूला टोलमध्ये वाचलेलं भाड्यात द्यावं लागलं असेल, तर त्याच्या हाती थोडंच उरलं.

बिल फाटत नाही, दुसऱ्याकडे जातं

मुंबईच्या नाक्यांचा टोल शहरातल्या ५५ उड्डाणपुलांच्या खर्चापोटी सुरू झाला. २०१० मध्ये रस्ते विकास महामंडळाने वसुलीचा हक्क १६ वर्षांसाठी कंपनीला दिला आणि त्याबदल्यात २,१०० कोटी रुपये आगाऊ घेतले. ते पैसे कधीच खर्चून झाले. त्यामुळे २०२४ मध्ये माफ झालेला टोल हा कंपनीने आधीच विकत घेतलेला होता, आणि भरपाई देणं भाग होतं. वसुलीची मुदत २०२६ ऐवजी २०२९ पर्यंत नेण्याचा निर्णय झाला. म्हणजे कारवाल्याच्या माफीतला एक भाग पुढची काही वर्षं ट्रकवाला भरणार, आणि ट्रकवाला तो भाजीच्या क्रेटवर लावणार. रोज २ लाख ८० हजार गाड्यांना ४५ रुपये धरले तर दिवसाला सव्वा कोटीच्या वर, वर्षाला साधारण ४६० कोटी होतात. पासधारकांमुळे खरा आकडा याहून कमी असणार, पण रकमेचा अंदाज येतो. कोल्हापुरातला टोल मोठ्या आंदोलनानंतर रद्द झाला, तेव्हाही रस्त्यांचे पैसे सरकारी तिजोरीवर आले.

'खर्च कधीच वसूल झाला, मग टोल कशाला' हा दावा तपासायचा तर करारातलं सूत्र वाचावं लागतं. दिल्ली-नोएडा डीएनडी पुलाच्या करारात कंपनीला एकूण प्रकल्पखर्चावर वर्षाला २० टक्के परतावा होता, आणि ज्या वर्षी तेवढा मिळाला नाही त्या वर्षीची तूट मूळ खर्चात मिळवायची होती. अशा सूत्रात टोल कितीही गोळा झाला तरी 'बाकी' वाढत जाते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथली वसुली थांबवली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

देखभालीचा खर्च या सगळ्यात मागे पडतो. पुलाची बेअरिंग, प्रसरणसांधे, पोलादाचं रंगकाम, पाण्याखालच्या खांबांची तपासणी हे टोल असो वा नसो चालूच राहतं. फरक एवढाच की टोल असताना पैसा पुलाच्या नावावर येतो, नसताना दरवर्षी अंदाजपत्रकात मागावा लागतो. डिसेंबर २०१५ मध्ये फोर्थ पुलाच्या पोलादी सांगाड्यात तडा सापडला आणि पूल जवळजवळ तीन आठवडे बंद राहिला. टोल गेल्याने देखभाल कमी पडली, असा आरोप तेव्हा झाला. संसदीय समितीने तो दोष आधी लक्षात येण्यासारखा नव्हता असा निष्कर्ष काढला. तेव्हा टोल आणि तडा यांचा थेट संबंध जोडू नये. पण देखभालीच्या निधीत गेल्या दहा वर्षांत काय झालं, हा प्रश्न कोणत्याही टोलमुक्त पुलाबद्दल विचारलाच पाहिजे.

माहिती मागायची असेल तर

एखाद्या पुलाच्या टोलबद्दल स्वतः तपासायचं असेल, तर माहिती अधिकारात 'टोलचा परिणाम सांगा' असा मोघम अर्ज करून उपयोग नाही. माफीच्या आधीच्या २४ महिन्यांचे वाहनप्रकारानुसार महिनावार आकडे मागावेत, कारण त्यांतूनच माफी नसती तर वाहतूक कुठे गेली असती याची रेषा काढता येते. ट्रकचे माफीनंतरचे आकडेही घ्यावेत, ते अजून पावतीवर आहेत. पास किती विकले गेले ते वेगळं मागावं, नाहीतर गाड्या आणि उत्पन्न यांचा ताळा बसत नाही. वसुलीचा करार पूर्ण मागावा, परिशिष्टांसकट. तो आला की सुरुवातीपासून वाचत बसू नये. सरकारच्या निर्णयामुळे उत्पन्न घटल्यास भरपाई कशी द्यायची, रोख की मुदतवाढ, आणि बुडालेल्या गाड्या कोणत्या वर्षाच्या मोजणीवरून धरायच्या, ते कलम आधी शोधावं.